मग कीबोर्डच का नाही घेत?

कार्यक्रम संपून वायरी गुंडाळत असलो की कोणीतरी स्टेजच्या कडेला येतं. "ते मघाशी बासरी कोण वाजवत होतं हो?" मी गिटारकडे बोट दाखवतो. समोरचा जरा गप्प होतो आणि मग ठरलेला प्रश्न येतो: "अहो, मग सरळ कीबोर्डच का नाही घेत?" घाईत असलो की "मला गिटारच येते" म्हणून सटकतो. ते खरंही आहे. पण तुम्ही विचारलंत म्हणून आज जरा बैजवार सांगतो.

साध्या इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप, म्हणजे तारांचा कंप टिपणारा भाग, सहाही तारांचा आवाज एकत्र करून पाठवतो. माझ्या गिटारला ब्रिजला (तारा टेकतात त्या घोडीला) खेटून आणखी एक बारीक पट्टी आहे, तिच्यात दर तारेला स्वतंत्र पिकअप. सहा तारांचे सहा सिग्नल वेगवेगळे आत जातात, तिथलं सर्किट एकेका तारेचा स्वर ओळखतं आणि सिंथला, म्हणजे बासरीसारखे हवे ते आवाज तयार करणाऱ्या सिंथेसायझरला, तो वाजवायला लावतं. ही पट्टी तारेपासून किती अंतरावर बसवली आहे, यावर सगळा खेळ. शेवटच्या फ्रेटवर (मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) तार दाबली की मध्ये साधारण 1 मिमी फट राहायला हवी. मी बाद झालेलं एटीएम कार्ड घालून बघतो, ते किंचित सैल गेलं पाहिजे.

खरी गोम स्वर ओळखण्यात आहे. जाड ई तार सेकंदाला 82 वेळा कंप पावते, म्हणजे एका आवर्तनाला 12 मिलिसेकंद. एखाद-दुसरं आवर्तन ऐकल्याशिवाय यंत्र तरी काय सांगणार? बारीक ई तारेची 330 आवर्तनं होतात, तिथे 3 मिलिसेकंदांत एक पुरं. म्हणून बारीक तारा चटकन बोलतात आणि जाड तारा लग्नातल्या काकांसारख्या मागून येतात. बेस वाजवायचा असला की मी बारीक तारांवर वाजवतो आणि सिंथमध्ये स्वर दोन सप्तकं खाली उतरवतो. बोटं बघणाऱ्याला वाटतं, हा भलतंच काहीतरी वाजवतोय.

उशीर टाळायचा एक रस्ता होता. 1960च्या दशकात व्हॉक्स कंपनीनं गिटार ऑर्गन काढला. त्यात फ्रेटचे दर तारेसाठी वेगळे तुकडे, तार फ्रेटला टेकली की सर्किट जुळणार आणि ऑर्गन बोलणार. तार कंप पावायची वाट बघणं नाहीच. पण तार ओढली तरी स्वर जागचा हलत नाही, कारण फ्रेट तीच. कॅसिओच्या 1987च्या डीजी-20 या गिटारचीही तीच तऱ्हा, वर नायलॉनच्या तारा. याला मी गिटारच्या आकाराचा कीबोर्ड म्हणतो. असलंच काही घ्यायचं असतं, तर तुमचा सल्ला मी मुकाट्यानं ऐकला असता.

मला मींड हवी होती, एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. रोलंड कंपनीनं दुसरा रस्ता धरला, तारेचं ऐकायचा. 1977 साली जीआर-500 हा गिटार सिंथ काढला आणि 1980 साली जीआर-300 ही पायाशी ठेवायची पेटी. सिंथचं बरंचसं काम या पेटीत, गिटारमध्ये पिकअप आणि बटणं, दोघांना जोडणारी जाडजूड केबल. जॅझ गिटारवादक पॅट मेथेनीनं तिच्यातून ट्रम्पेटच्या जवळ जाणारा जो आवाज काढला, तो 1982च्या 'ऑफरॅम्प' या अल्बममध्ये ऐका. तार ओढली की स्वर बोटाबरोबर जातो, सोडली की परत येतो. 1984च्या जी-707 गिटारला तर मानेला समांतर आणखी एक दांडी होती. मान थरथरली की यंत्राचा गोंधळ होतो, तो होऊ नये म्हणून. दिसायला थेट कपडे वाळत घालायची दांडी. मला ती फार देखणी वाटते. घरात हे मत माझ्या एकट्याचं आहे.

आता कीबोर्डचं. साध्या कीबोर्डवर पिच व्हील फिरवलं की दाबलेले सगळे स्वर एकदम सरकतात. मला एका तारेवर सा धरून शेजारच्या तारेवर रिषभावरून कोमल गंधारापर्यंत जायचं असतं, आणि सा तसूभरही हलायला नको असतो. सहा वेगळे सिग्नल कामाला येतात ते इथे.

याची किंमतही मोजावी लागते. यंत्र फार भाबडं आहे, जे कानावर पडेल त्याला स्वर समजतं. मिरजेचे कारागीर सतारीच्या घोडीवर तास तास घासून जी जवारी काढतात, तसली झणझण याला अजिबात चालत नाही. मूळ स्वर सोडून ते वरचाच एखादा उचलतं. एका भावगीतांच्या कार्यक्रमात गाणं संपत आलं होतं, गाणाऱ्या बाई शेवटच्या ओळीवर थांबल्या होत्या, सभागृह गप्प. माझी करंगळी मोकळ्या तारेला नुसती घासली आणि बासरी वरच्या सप्तकात किंचाळली. बाईंनी मान वळवून पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत, पण चहाच्या वेळी माझ्या टेबलाशी आल्याही नाहीत.

तेव्हापासून मोकळ्या तारा दबून राहाव्यात म्हणून पहिल्या फ्रेटपाशी मुलीचं केसांचं रबर गुंडाळतो. मखमली, जांभळ्या रंगाचं. हल्ली लोक आधी त्याच्याबद्दलच विचारतात.