नवी बॅटरी, जुनं वायरिंग

वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या गाडीत बॅटरी बसवणं हे दोन नट आवळण्याचं काम. पण त्या दोन नटांच्या पुढे जे वायरिंग आहे, त्यातून इतक्या वर्षांत करंट गेलेला नाही. कापडी वेष्टण कुजलंय का, डॅशबोर्डमागे उंदरांनी काय कुरतडलंय, हे बाहेरून कळत नाही. साठच्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत फ्यूज दोनच असत. हेडलाइट आणि इग्निशनची लाइन बिनफ्यूजची. तिथे शॉर्ट असला तर भरलेली बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि आख्खा हार्नेस, म्हणजे वायरांचा जुडगा, जळायला फार वेळ लागत नाही.

बॅटरी विकत घेण्याआधी दोन गोष्टी नक्की करा: गाडी ६ व्होल्टची की १२, आणि बॉडीला प्लस जोडलाय की मायनस. १९६७ पर्यंतच्या एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) प्लस अर्थच्या, म्हणजे बॉडीला प्लस जोडलेल्या, होत्या, आणि त्यांत सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असत. केबलच्या रंगावर विश्वास ठेवू नका, कधीतरी कुणीतरी बदललेली असते. जी केबल बॉडीला बोल्टने बसलीय ती अर्थ. तिच्या क्लॅम्पचं भोक मोठं असेल तर गाडी बहुधा प्लस अर्थची, कारण बॅटरीचा प्लस खांब मायनसपेक्षा जाड असतो. तरी मधल्या काळात कुणी गाडी मायनस अर्थ करून घेतलीय का, ते कागदपत्रांत किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर बघा. खांब कोणत्या बाजूला आहेत हेही जुन्या बॅटरीशी जुळवून घ्या, नाहीतर केबल पोचत नाही आणि मग ती ताणून बसवण्याचा मोह होतो.

जुनी बॅटरी काढताना आधी अर्थ सोडायचा, बसवताना तो शेवटी लावायचा. प्लस अर्थच्या गाडीत आधी सुटणार तो प्लस. म्हणून ‘आधी मायनस काढा’ हा पाठ केलेला नियम इथे उलटा पडतो. अर्थ सुटलेला असला की दुसऱ्या टर्मिनलवरचा पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

बॅटरीच्या ट्रेवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर ते ॲसिड. हातमोजे आणि चष्मा घाला, लिटरभर पाण्यात तीन-चार चमचे खाण्याचा सोडा विरघळवा आणि फेस यायचा थांबेपर्यंत ओतत राहा. मग साधं पाणी, वायर ब्रश, प्रायमर, रंग. ट्रेला भोकं पडली असतील तर आधी वेल्डिंग. बॅटरी पंधरा किलोच्या आसपास असते, सडलेल्या पत्र्यावर ती टिकणार नाही.

केबलकडे लोक फारच कमी बघतात. वाकवल्यावर करकरणारी किंवा टोकाशी तांबं हिरवं पडलेली केबल बदलाच. बॉडीवरचा अर्थचा बोल्ट खोलून खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थची पट्टी शाबूत हवी. ती तुटलेली असेल तर सेल्फचा सगळा करंट ॲक्सिलरेटर किंवा चोकच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल लालबुंद होते. ६ व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच ताकदीला दुप्पट करंट लागतो. १२ व्होल्टच्या गाडीची बारीक केबल तिथे लावली तर बॅटरी कितीही नवी असो, सेल्फ रेंगाळणारच.

नवी बॅटरीही मोजून घ्या. १२ व्होल्टची बॅटरी काही तास नुसती ठेवल्यावर १२.६ व्होल्ट किंवा वर हवी. १२.४ च्या खाली असेल तर आधी क्षमतेच्या दहाव्या भागाने, म्हणजे ६० एएचला (अँपिअर-तास, बॅटरीची क्षमता) ६ अँपिअरने, चार्ज करा. चार्जरच्या चिमट्या काढण्याआधी चार्जर बंद करा. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तो ठिणगीने पेटतो.

आता जोडणी. अर्थ नसलेली केबल आधी लावा. अर्थची केबल मात्र थेट लावू नका. अर्थचा खांब आणि ती केबल यांच्यामध्ये इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब जोडा (६ व्होल्टच्या गाडीला ६ व्होल्टचा). कुठेही शॉर्ट असला तरी या बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या (६ व्होल्टच्या बल्बमधून साडेतीनच्या) आसपासच करंट जातो, वायर वाचते. चावी बंद, दारं बंद असताना बल्ब पेटता कामा नये. झगझगीत पेटला तर सरळ शॉर्ट. इंजिनवर बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटर असेल तर बॅटरी उलटी लागलीय अशीही शक्यता आहे, आणि अशा वेळी हाच बल्ब अल्टरनेटरचे डायोड वाचवतो. डायनॅमोच्या (अल्टरनेटरच्या आधीच्या जनरेटरच्या) गाडीत मात्र उलटी जोडणी बल्बवर कळत नाही. मंद पेटला तर कुठला तरी दिवा चालू आहे, किंवा घड्याळ. आपोआप चावी भरणाऱ्या जुन्या घड्याळाचे पॉइंट कमी व्होल्टेजला चिकटून बसतात आणि कॉइल जळते. तो फ्यूज किंवा वायर आधी काढून ठेवलेली बरी. मग एकेक स्विच चालू करून बघा. चावी फिरवल्यावर मध्यम उजेड दिसणं चालतं, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट मिटलेले असतील तर इग्निशन कॉइल करंट घेते.

बल्ब काढून केबल लावताना क्लॅम्प पक्कडीने थोडा उघडा, हातोड्याने ठोकून बसवू नका, आतला सांधा तुटतो. ल्युकस (ब्रिटिश गाड्यांचे इलेक्ट्रिकल भाग बनवणारी कंपनी) हिच्या टोपीसारख्या टर्मिनलचा स्क्रूही फार आवळू नका. घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली. बॅटरी दाबून धरणारी पट्टी लागलीच पाहिजे. फोक्सवॅगन बीटलमध्ये बॅटरी मागच्या सीटखाली असते. झाकण नसेल तर जड माणूस बसल्यावर सीटच्या स्प्रिंगा खांबांवर टेकतात आणि सीट पेटते.

लगेच सेल्फ मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घाला, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, कॉइलची बारीक वायर सोडा आणि मग सेल्फ, एका वेळी दहा सेकंद. ऑइल प्रेशर चढलं की प्लग परत लावा. सेल्फ चालू असताना अर्थचा खांब आणि इंजिन ब्लॉक यांच्यात ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो सांधा परत घासा. बॅटरी १० व्होल्टच्या फार खाली जात असेल तर बहुधा सेल्फच जड आहे.

इंजिन चालू झाल्यावर थोडा रेस देऊन मोजा: १३.८ ते १४.४ व्होल्ट. डायनॅमोच्या गाडीत आयडलला चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणला तर ठीक. रेस देऊनही विझत नसेल तर डायनॅमोचं उरलेलं चुंबकत्व गेलेलं असू शकतं. ल्युकसच्या डायनॅमोवर, इंजिन बंद असताना, ‘एफ’ (फील्ड) टर्मिनलची वायर काढा आणि अर्थ नसलेल्या खांबापासून आणलेली वायर त्या टर्मिनलला दोन-तीनदा क्षणभर टेकवा. अर्थ उलटा केला असेल तर हे करावंच लागतं. व्होल्टेज १५ च्या वर गेलं तर ते आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर बिघडलाय. लगेच बंद करा, नाहीतर नव्या बॅटरीचं पाणी उकळून जाईल.

आठवड्याने क्लॅम्प पुन्हा तपासा, शिशाचा खांब दबून ते सैल होतात. गाडी परत उभी करायची असेल तर अर्थ सोडून ठेवा आणि महिन्याला एकदा मल्टिमीटर लावा; १२.४ दिसलं की चार्जिंग.