घासलेलं नाव

मृगाच्या आधीचा पंधरवडा आमच्या दुकानात मोडीचा असतो. बियाणं घ्यायचं असतं, खत घ्यायचं असतं, आणि घरात विकण्यासारखं जे उरलेलं असतं ते बाईच्या अंगावरच असतं. डोरलं, गरसोळी, पायातले वाळे. यंदा बुधवारच्या बाजारात एक म्हातारी पदराच्या गाठीत राणीछाप रुपये घेऊन आली. नऊ होते. सगळ्यांना कडी डागलेली, म्हणजे माळेतले. एक तराजूत टाकला. इतकी वर्षं झिजूनही तोळ्याला थोडाच कमी भरला. जुना रुपया म्हणजेच एक तोळा, ११.६६ ग्रॅम. वजन सापडलं नाही की बाबा सरळ राणीछापच पारड्यात टाकायचे.

म्हातारीनं पैसे मोजून घेतले, उठली, आणि दारात थांबून म्हणाली, "इचं नाव काय होतं व, या राणीचं? साठ वर्सं गळ्यात घातली मी इले."

मी नाव सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं आणि गेली. ते रुपये मी अजून मुशीत घातलेले नाहीत.

बाबा गेल्यापासून अकरा वर्षं मी या दुकानात बसते. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, दारव्हा–दिग्रसच्या पट्ट्यातलं. बाजाराचा दिवस सोडला तर दुपारपर्यंत कोणी फिरकत नाही. तेव्हा मी मोबाईलवर जुनी नाणी बघते. मोठमोठ्या संग्रहालयांनी आपली नाणी फोटोसकट लोकांसाठी उघडी करून ठेवलीत. खाली वजन, धातू, साल, सगळं दिलेलं असतं. मी आधी वजन वाचते, मग कस, मग चेहरा. सोनाराच्या घरची सवय.

रोमच्या नाण्यांवर आले तेव्हा पहिल्यांदा लक्षात राहिली ती चांदीची लबाडी. सेप्टिमियस सेव्हेरस नावाच्या बादशहानं दिनारात चांदी जवळपास निम्म्यावर आणून ठेवली होती. साधारण सव्वातीन ग्रॅमचं नाणं, त्यात निम्मी चांदी. असा माल बाबांनी कसोटीवर एक रेघ ओढून परत केला असता. पण त्याच नाण्यावरची कोरणी पाहिली आणि मी गप्प झाले. अंगठ्याच्या नखाएवढी जागा. त्यात बाईचा चेहरा, कानामागून वळवलेले केस, हनुवटीखालची किंचित वळी. आणि हे सगळं ठशात उलटं कोरायचं. बाबा देवाचे टाक करायचे, त्यांचे ठसे स्वतः कोरायचे. एका भवानीच्या ठशाला त्यांना पंधरा दिवस लागलेले मी पाहिलेत. त्यामुळे तो रोमचा कारागीर मला परका वाटला नाही. त्यानं त्या पोरीकडे नीट पाहिलं होतं.

ती पोरगी म्हणजे प्लौटिला.

तिचा बाप प्लौटियानस. बादशहाच्या खालोखाल रोममध्ये त्याचाच शब्द चालायचा. दोघं उत्तर आफ्रिकेतल्या एकाच गावचे, लेप्टिस मॅग्नाचे. इसवी सन २०२ मध्ये त्यानं आपली मुलगी बादशहाच्या थोरल्या मुलाला, कॅराकॅलाला दिली. नवरदेव चौदा वर्षांचा. डिओ नावाचा इतिहासकार तेव्हा रोममध्ये होता. हुंडा भर चौकातून राजवाड्यात वाहून नेताना त्यानं स्वतः पाहिला, आणि लिहिलं की पन्नास राजकन्यांना पुरला असता एवढा तो होता.

कॅराकॅलाला ती पहिल्यापासून नको होती. तो तिच्यासोबत जेवत नसे, तिच्या खोलीत जात नसे. आणि याच काळातली नाणी बघा. एका बाजूला प्लौटिला, दुसऱ्या बाजूला नवरा-बायको हातात हात देऊन उभे. भोवती अक्षरं: 'अक्षय सलोख्यासाठी'. दुसऱ्या एका छापावर तेच दोघं, तसेच हात, आणि अक्षरं: 'साम्राज्याचा वंशविस्तार'.

हा फोटो मी आत्याला दाखवला. आत्या सत्तरीची आहे, आमच्याकडेच राहते. तिनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिलं.

"हात धरला थ्यानं?"

"हो. पण तो तिला बोलत नव्हता म्हणे."

"मंग फोटोवाल्यानं धराले लावला असन," आत्या म्हणाली आणि मोबाईल परत दिला.

आत्याचा लग्नातला फोटो आमच्याकडे आहे. १९७८ चा, काळापांढरा. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कमळाचं तळं. नवऱ्याचा हात तिच्या खांद्यावर आहे, बोटं मात्र ताठ. चार वर्षांनी तिला माहेरी आणून सोडलं. मूल झालं नाही, एवढंच कारण. डॉक्टरकडे कोणी नेलं नाही, त्याला तर नाहीच नाही. फारकतीच्या कागदावर अंगठा घेतला. आत्या सातवी पास होती, तिला सही येत होती. अंगठा का घेतला, हे ती अजून विचारते.

आमच्याकडे पहिली बायको वारली तर दुसरीच्या गळ्यात तिचा टाक घालतात. चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बाईची आकृती. सणाला दुसरी आधी त्या टाकाला हळदकुंकू लावते. असे टाक बाबांनी किती केले, मीही केलेत. मेलेलीला घरात जागा असते. जिवंतपणी टाकून दिलेलीचा टाक करून द्या म्हणत माझ्याकडे आजवर एकही माणूस आलेला नाही. रोममध्येही मेलेलीचा मान मोठा होता. पहिली फौस्टिना गेली तर तिच्या नवऱ्यानं, अँटोनायनस पायसनं, तिला देवी ठरवून वर्षानुवर्षं तिची नाणी पाडली. कॅलिगुलाची आई अग्रिपिना एका बेटावर हद्दपारीत मेली. मुलगा गादीवर आला, स्वतः जहाजानं जाऊन तिच्या अस्थी घेऊन आला आणि तिच्या आठवणीचं मोठं नाणं काढलं. त्यावर खेचरांनी ओढलेली तिची गाडी आहे. ते नाणं पाहताना मला टाकच दिसतो.

प्लौटिलाला तसं काही मिळालं नाही. २०५ मध्ये तिच्या बापाला राजवाड्यातच मारलं. तिला आणि तिच्या भावाला लिपारी बेटावर पाठवलं, सिसिलीच्या वर. सहा-सात वर्षं ती तिथं राहिली. सासरा मेला, नवरा बादशहा झाला, आणि त्यानं माणसं पाठवून तिला मारवलं.

याच घराण्यात वीस वर्षांनी ऑर्बियाना आली. २२५ मध्ये तरुण बादशहा अलेक्झांडर सेव्हेरसशी लग्न. नाण्यावर चेहरा, डोक्यावर मुकुट, मागे पुन्हा तीच सलोख्याची देवी बसलेली. सासू ज्युलिया मामिया. सुनेलाही 'ऑगस्टा', म्हणजे सम्राज्ञी, म्हणतात हे तिला खपेना. हेरोडियन नावाचा इतिहासकार लिहितो की तिनं सुनेचा इतका पाणउतारा केला की मुलीचा बाप सैनिकांच्या छावणीत आसऱ्याला पळाला. त्याला ठार केलं. पोरीला राजवाड्यातून हाकलून लिबियात धाडलं. २२७ उजाडेपर्यंत सगळं संपलं होतं.

वाचणारा लगेच सासूला शिव्या देतो. माझा राग अलेक्झांडरवर आहे. हेरोडियनच सांगतो की त्याचं बायकोवर प्रेम होतं, आणि आईपुढे त्याचं काही चाललं नाही. सगळ्या साम्राज्याचा मालक, आणि काही चाललं नाही! आत्याच्या नवऱ्याबद्दलही लोक अजून हेच म्हणतात. माणूस चांगला होता, घरच्यांपुढे त्याचं काही चाललं नाही. चाळीस वर्षं हे वाक्य ऐकतेय. बैलगाडीत ट्रंक चढवायला मात्र तोच होता.

नेरोची पहिली बायको ऑक्टेव्हिया विशीच्या आसपासची होती. आधी वांझ म्हणून सोडली, मग खोटा आळ घातला. तिच्या दासींचे हाल केले, तरी त्यातल्या बहुतेक फिरल्या नाहीत. इसवी सन ६२ मध्ये बेटावर नेऊन शिरा कापल्या, भीतीनं रक्त वाहीना म्हणून कढत वाफेत कोंडलं. तिचा चेहरा अलेक्झांड्रियाच्या नाण्यांवर आहे. कॉन्स्टंटाइनची बायको फौस्टा दोन लेकरं कडेवर घेऊन उभी, भोवती 'राष्ट्राची आशा'. ३२६ मध्ये नवऱ्यानंच मारवली, तीही म्हणे कढत हमामात. हे मी भरभर लिहितेय, कारण हळू लिहवत नाही.

ज्युलिया डोम्नाजवळ मात्र थांबावं लागतं. ती प्लौटिलाची सासू, कॅराकॅलाची आई. २११ च्या डिसेंबरात कॅराकॅलानं धाकट्या भावाला, गेटाला, आईच्याच कुशीत मारवलं. वार चुकवताना तिच्या हाताला जखम झाली, तिकडे कोणाचं लक्षही गेलं नाही. आणि डिओ लिहितो, तिला रडायची मुभा नव्हती. मोठा आनंद झाल्यासारखं हसायचं. त्यानंतरही तिची नाणी पडत राहिली. त्यांवर लिहिलं होतं, सम्राटांची आई, सिनेटची आई, देशाची आई. मी तो चेहरा फोटो मोठा करून करून पाहते. ठसा कोरणारा जे दाखवायचं तेच दाखवतो, मला माहीत आहे. तरी पाहते.

रोममध्ये एक कमान आहे. २०४ मध्ये सराफांनी आणि गुरांच्या व्यापाऱ्यांनी मिळून बादशहाच्या घराण्यासाठी बांधली, गुरांच्या बाजाराजवळ. आमच्या बाजारातही सराफा ओळ आणि बैलबाजार शेजारी-शेजारीच आहेत, त्यामुळे हे वाचून मला घरच्यासारखं वाटलं होतं. कमानीच्या आत एका बाजूला कॅराकॅला पूजा करताना कोरलाय. त्याच्या शेजारी प्लौटिला होती, तिचा बाप होता. दोघांना छिन्नीनं तासून काढलं. आता कॅराकॅला एकटा उभा आहे आणि बाजूला खरबरीत दगड. आजच्या तुर्कस्तानातल्या स्ट्रॅटोनिकेया गावात तर तांब्याची नाणी घेऊन त्यांवरचा तिचा चेहरा ठोकून ठोकून सपाट केला.

पण चांदी गावोगाव गेली होती. कोणाच्या कसनुळीत, कोणाच्या मडक्यात, जमिनीखाली. ती कुठून परत आणणार? आमच्या मंगरुळपीरकडे तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या सोळाशेच्या आसपास नाण्यांचा असाच साठा निघाला होता. बाबा त्याबद्दल नेहमी सांगायचे. त्या राजांच्या नावांत आईचं नाव असतं, गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. चेहरा मात्र आईचा नाही. प्लौटिलाचे दिनार आजही पुष्कळ सापडतात, इतके की संग्रह करणाऱ्यांना त्यांचं फार अप्रूप नसतं. कॅराकॅलाला तिचं नख उरू द्यायचं नव्हतं.

आता गुंडाचं सांगते. गुंड म्हणजे आमच्याकडे पाण्याचं पितळी भांडं. आत्याच्या आंदणातली सगळी भांडी बाबांनी स्वतः कोरली होती. टिंबटिंबाची अक्षरं, पुढे साल. बाबांचा 'ळ' वेगळा असायचा, उजवीकडचा फाटा खाली ओढलेला. फारकत झाली, भांडी परत आली नाहीत.

तीन वर्षांपूर्वी आत्याच्या सासरच्या गावात एका मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला गेले होते. पंगतीत पाणी वाढायला शेजारपाजारची भांडी आणली होती. माझ्यापुढे जो गुंड आला त्याच्या गळ्याखाली कानस मारलेली. त्यावर दुसऱ्या बाईचं नाव, मशीनवर घातलेलं. पण कानस एका टोकाला उथळ गेली होती. तिथं चार टिंबं आणि एक ओढलेला फाटा होता.

माझ्या हातातला घास तसाच राहिला.

ज्यांचा गुंड होता त्या घरी मी गेले. दुसरी बायकोही वारलेली, तिची सून घरात होती. तिला काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती बिचारी चहा टाकायचं विसरून तशीच उभी राहिली. मग गुंड घासून-पुसून, त्यात ओंजळभर तांदूळ घालून तिनं माझ्या हातात दिला. पैसे घेतले नाहीत.

आत्यानं गुंड मांडीवर घेतला. त्या जागेवरून अंगठा फिरवला, बराच वेळ.

"नाव घालून देऊ का परत?" मी विचारलं. "बाबांसारखाच 'ळ' काढते."

"इचं नाव खोडाचं नाई," आत्या म्हणाली. दुसरीच्या नावावर तिचं बोट होतं. "थिनं काय केलं होतं? माह्यं वरतून घाल. जागा हाय."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी छिन्नी घेऊन बसले. बाबांची जुनीच छिन्नी होती. फाटा खाली ओढताना हात थोडा हलला, ते टिंब जरा खोल गेलंय.