शिताएवढी पेस्ट

पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या मेडिकलमध्ये लहान मुलांच्या टूथपेस्टचा कप्पा बघा. स्ट्रॉबेरी, बबलगम, आंबा, आणि प्रत्येक ट्यूबवर कुठलं तरी कार्टून. दीड वर्षाच्या पोराला थुंकता येत नाही, त्यामुळे आईबाबांचा हात सहसा 'फ्लोराइड नाही, गिळली तरी चालेल' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेल्या ट्यूबकडे जातो. भीती रास्त आहे, पण त्या नादात पेस्टमधली कामाची गोष्टच बाहेर राहते. कीड रोखण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा फ्लोराइडच्याच बाजूने आहे. ते काढलं की राहतो गोड फेस. दात साफ होतात ते ब्रशमुळे. हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटच्या म्हणजे इनॅमल ज्या खनिजाचं बनतं त्याच्या पेस्ट आता मिळतात आणि त्यांच्याकडून आशाही आहे, पण त्यांच्यामागे फ्लोराइडइतका अनुभव अजून नाही.

'दोन वर्षांपर्यंत फ्लोराइड नकोच' हा सल्ला अजून ऐकू येतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनने तो २०१४ मध्ये बदलला: पहिला दात दिसला की फ्लोराइडची पेस्ट, फक्त अगदी कणभर.

हा कण केवढा, इथेच सगळं अडतं. पुस्तकात 'तांदळाचा दाणा' असतो. मराठी घरात त्याहून सोपं माप आहे, भाताचं एक शीत. तीन वर्षांपर्यंत एक शीत, साधारण ०.१ ग्रॅम. तीन ते सहा वर्षं वाटाणा, साधारण पाव ग्रॅम, तोही फुगलेला मटार नव्हे. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी वळवलेली पेस्ट दिसते ती विसरा. ती ग्रॅमभर तरी भरते.

आता हिशेब करा. पेस्टमधलं फ्लोराइड पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखात किती भाग असं मोजतात. १००० पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅम फ्लोराइड. शिताएवढी पेस्ट दोन वेळा लावली आणि मुलाने ती सगळी गिळली, तरी पोटात जातं ०.२ मिलिग्रॅम. ब्रशभर पेस्ट दोन वेळा गिळली तर २ मिलिग्रॅम, आणि एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी अमेरिकेत ठरवलेली दिवसाची कमाल मर्यादा आहे १.३. रोज असं जास्त जात राहिलं की हिरडीत तयार होत असलेल्या पक्क्या दातांवर पांढरे ठिपके आणि रेघा उमटतात. पुढच्या पक्क्या दातांसाठी पहिली तीन-चार वर्षंच नाजूक. म्हणून माप.

माप बरोबर चाललंय का, हे ट्यूबच सांगते. ५० ग्रॅमची ट्यूब रोज ०.२ ग्रॅम वापरली तर २५० दिवस, म्हणजे आठ महिने पुरते. महिन्यात संपत असेल तर रोजची पेस्ट आठपट जातेय, नाहीतर कुणीतरी बाथरूममध्ये ट्यूब चाटतंय. घेताना एक्सपायरीची तारीख पुढच्या आठ-नऊ महिन्यांपलीकडची बघा.

लेबलवर तीन जागा वाचायच्या. पहिली, पीपीएम. आपल्या कायद्यानुसार टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड चालत नाही आणि आकडा ट्यूबवर छापावा लागतो. मुलांच्या बऱ्याच पेस्टमध्ये तो ५०० च्या आसपास असतो. त्या प्रमाणाने कीड रोखली जाते याचा पुरावा १००० इतका पक्का नाही. १००० वाली मुलांची पेस्ट मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर मोठ्यांची सौम्य चवीची, शीतभर. टक्क्यांवरून फसू नका: सोडियम फ्लोराइड ०.२२ टक्के आणि सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट ०.७६ टक्के, दोन्ही सारखेच, १००० पीपीएम. दुसरा रेणूच जड आहे.

दुसरी जागा, घासणारं द्रव्य. सिलिका असेल तर ठीक. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर सोबत मोनोफ्लोरोफॉस्फेट हवं. साधं सोडियम फ्लोराइड असेल तर कॅल्शियम त्याला ट्यूबमध्येच पकडून ठेवतं आणि दाताला फारसं काही मिळत नाही. कोळशाची किंवा 'व्हाइटनिंग' पेस्ट मुलाला नकोच. दुधाच्या दातांचं इनॅमल पातळ असतं.

तिसरी, सोडियम लॉरिल सल्फेट. फेस याच्यामुळे येतो. विष नाही, पण तोंडभर फेस आला की लहान मूल गोंधळतं, ओकारी काढतं आणि ज्याला सारखं तोंड येतं त्याला ते झोंबतंही. त्याशिवायची मिळाली तर बरी. सॉर्बिटॉल किंवा झायलिटॉलच्या गोडीने दात किडत नाहीत. ट्यूबच्या शेवटी असतो तो हिरवा-काळा चौकोन बघून कृपया काही ठरवू नका. तो पॅकिंगच्या यंत्राला ट्यूब कुठे कापायची ते दाखवतो, बाकी काही नाही.

आजीच्या राखुंडीचा आणि लाल मंजनाचा आग्रह प्रेमाचा असतो, पण गेरू आणि राख दात घासतात तशा झिजवतातही. मिश्रीचं बोट तर मुलाच्या हिरडीला लागताच कामा नये. ती तंबाखू आहे. कापूर असलेलं मंजन मुलाच्या हाताला लागेल असं ठेवू नका, कापूर थोडासा पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात.

पाण्याचा प्रश्न पुण्यात वस्तीगणिक बदलतो. खडकवासल्याचं महापालिकेचं पाणी धरणाचं आहे. पण सोसायटी बोअरवेलवर किंवा टँकरवर चालत असेल आणि मूल तेच पाणी पीत असेल, तर पाण्यातलं फ्लोराइड एकदा तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. आजोळ यवतमाळ, चंद्रपूर किंवा नांदेडकडे असेल आणि मूल तिकडे महिनोन्‌महिने राहत असेल तर हे जास्तच बघा, कारण तिथल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड बरंच आहे. आकडा जास्त आला तर पेस्ट बदलायच्या आधी पिण्याचं पाणी बदला आणि बालदंततज्ज्ञांना रिपोर्ट दाखवा. धनकवडीच्या भारती विद्यापीठाच्या, कॅम्पातल्या रंगूनवाला किंवा पिंपरीच्या डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयात हा विभाग आहे.

लावायची पद्धत. कोरड्या ब्रशवर शीत ठेवा आणि बोटाने दाबून केसांच्या आत बसवा; वर ठेवलं तर मूल पहिल्या फटक्यात ते चाटून खातं. मुलाचं डोकं मांडीवर, तोंड वर, तुमच्या एका बोटाने वरचा ओठ उचललेला. हिरडीच्या कडेला बारीक गोल फिरवा, दाढा शेवटी. रात्रीचं घासणं चुकवायचं नाही. त्यानंतर दूध, बिस्किट काही नाही, फक्त पाणी. थुंकता यायला लागलं की थुंकू द्या, पण खळखळून चूळ नको, नाहीतर लावलेलं धुऊन जातं. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत शेवटचा हात मोठ्यांचाच.

ओठ उचललाच आहे तर वरच्या पुढच्या दातांची हिरडीलगतची कड बघा. तिथे खडूसारखी मळकट पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात आहे. या टप्प्यावर खड्डा पडायचा थांबवता येतो. रेघ तपकिरी झाल्यावर काम वाढतं.

आणि मुलाने ट्यूबच तोंडात पिळली तर? वजन गुणिले ५ करा. १० किलोच्या मुलाला ५० मिलिग्रॅम फ्लोराइड ही तातडीने दवाखान्यात न्यायची पातळी. १००० पीपीएमची ५० ग्रॅमची भरलेली ट्यूब पुरी संपवली तर तेवढं होतं, ५०० वाली असेल तर निम्मं. थोडीशी खाल्ली असेल तर कपभर दूध द्या, त्यातलं कॅल्शियम फ्लोराइडला बांधून ठेवतं. ओकारी काढायला लावू नका. किती गेली ते सांगता येत नसेल किंवा मूल उलट्या करत असेल तर ट्यूब सोबत घेऊन निघा, डॉक्टर आधी तिच्यावरचा आकडाच वाचतील.