पेटीतला पांढरा खडू

तेलखडूंच्या पेटीत सगळ्यात आधी निळा संपतो आणि पांढरा वर्षअखेरीलाही जसाच्या तसा असतो. पांढऱ्या कागदावर पांढरा चालवून दिसणार काय? आमच्या वर्गात तो फक्त अदलाबदलीला उपयोगी पडायचा, तोही समोरचा भोळा असेल तर. त्यामुळे सातवीत असताना मी तो एका दुपारीत निम्मा झिजवला, याची नोंद सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत व्हायला हरकत नाही.

साल १९९७. शाळेत चित्रकला स्पर्धा होती आणि विषय होता ‘तापणारी पृथ्वी आणि वन्य प्राणी’. ‘हवामान बदल’ हा शब्द अजून आमच्यापर्यंत पोचला नव्हता. आमच्या तोंडी ‘ग्लोबल वॉर्मिंग’ असायचं आणि त्याचा अर्थ विचारला की वर्गातली निम्मी मुलं “ओझोनला भोक पडलंय” एवढं सांगून खाली बसायची.

मी हिमअस्वल काढलं. समुद्रात बर्फाचा एकच तुकडा, त्यावर अस्वल, त्याच्या डोळ्यांत टपोरे अश्रू. तुकड्यावर थोडी जागा उरली म्हणून शेजारी एक पेंग्विन बसवला. तोही रडत होता. अस्वलाला पांढरा खडू घासघास घासला, कागद तुकतुकीत झाला, पण अस्वल काही दिसेना. तेवढ्यात चित्रकलेच्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. “पांढरं दाखवायचंय ना? मग पांढऱ्याला हात लावू नकोस. भोवतालचं गडद कर,” एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या बाकाकडे गेल्या. मी समुद्र काळानिळा करून टाकला. अस्वल उठून दिसलं. पहिलं बक्षीस आपलंच, असं मी त्या संध्याकाळी घरी सांगूनही मोकळी झाले.

चित्र परत आलं तेव्हा कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘या दोघांची गाठ कुणी घालून दिली?’

अक्षर भूगोलाच्या सरांचं होतं. बाईंनी त्या वर्षी परीक्षक म्हणून भूगोलाचे सर आणि विज्ञानाच्या बाई यांना बसवलं होतं. नकाशे भरून घेणाऱ्या माणसाला चित्रातलं काय कळतं, अशी कुरकुर आम्ही पुष्कळ केली. सर पुढच्या तासाला पृथ्वीचा गोल घेऊनच आले. एक बोट वरच्या टोकावर, एक खालच्या. अस्वल इथे, पेंग्विन तिथे. मग फळ्यावर त्यांनी ‘आर्क्टिक’ लिहिलं. ग्रीक भाषेत ‘आर्क्टोस’ म्हणजे अस्वल. जमिनीवरचं नव्हे, आकाशातलं. आपले सप्तर्षी ज्या तारकासमूहात बसतात, तो ग्रीकांच्या लेखी मोठं अस्वल. ते उत्तरेचं, म्हणून उत्तरेला आर्क्टिक. त्याच्या विरुद्ध बाजूचं ते अंटार्क्टिक. “म्हणजे तिकडे अस्वल नाही, हे नावातच लिहिलंय, आणि तुम्ही ते पेंग्विनच्या मांडीवर नेऊन बसवता,” सर म्हणाले. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, मग पेंग्विन तरी चालत चालत वर का येत नाहीत? सरांना प्रश्न आवडला असावा. गॅलापागोस बेटांवर, अगदी विषुववृत्तापाशी पेंग्विन राहतात, असं त्यांनी सांगितलं. तिथे थंड सागरी प्रवाहांमुळे त्यांचं भागतं. त्यापलीकडे उत्तरेला त्यांची वस्ती नाही.

अश्रूंचाही निकाल त्याच तासाला लागला. माझ्या चित्रातलं अस्वल बुडायच्या भीतीने रडत होतं. सर म्हणाले, ते उत्तम पोहतं. त्याचं दुखणं वेगळं आहे. सील श्वास घ्यायला बर्फातल्या भोकाशी वर येतो आणि अस्वल तिथे दबा धरून बसतं. समुद्रावरचा बर्फ लवकर वितळला आणि उशिरा गोठला, की शिकारीला उभं राहायची जागाच जाते. ते बुडत नाही, उपाशी राहतं. उपाशी अस्वल कसं काढायचं हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे आणि खरं सांगायचं तर अजून सुटलेला नाही. रडवणं फार सोपं असतं.

माझ्या शेजारणीची गत याहून वाईट झाली. तिने फाटलेलं आभाळ काढलं होतं आणि त्याला सुईदोऱ्याने ठिगळ लावणारी एक बाई. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावायचं, ही म्हण तिने शब्दशः घेतली होती. चित्र सुरेख होतं; आजही मला वाटतं की पहिलं बक्षीस त्यालाच द्यायला हवं होतं. पण विज्ञानाच्या बाईंनी मागे लिहिलं, ‘भोक वेगळं, ताप वेगळा.’ ओझोनचा थर विरळ झाला की सूर्याचे अतिनील किरण जास्त प्रमाणात खाली येतात. पृथ्वी तापते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइडसारखे वायू बाहेर जाणारी उष्णता धरून ठेवतात म्हणून. हा घोळ आमच्या अख्ख्या पिढीने केला. गंमत अशी, की ठिगळ लागलं. ओझोन खाणाऱ्या रसायनांवर बंधन घालणारा माँट्रियल करार १९८७ मध्येच झाला होता आणि तो थर आता हळूहळू भरून येतोय. शेजारीण तेव्हा चुकली होती, पण तिच्या सुईत दोरा होता.

त्या निकालानंतर बाईंनी नियम केला: कागदाच्या मागे पाच ओळी लिहिल्याशिवाय पुढे रंग लावायचा नाही. प्राणी कोणता, राहतो कुठे, खातो काय, उष्णता वाढली की त्याचं नेमकं काय होतं, आणि हे तुला कुठून कळलं. पाचव्या ओळीने आमचा जीव खाल्ला. ‘मला माहीत होतं’ हे उत्तर चालायचं नाही. वाचनालयातल्या विश्वकोशाभोवती झुंबड उडायला लागली. एरवी त्याची पानं आम्ही झाडाची पानं वाळवायला वापरत होतो.

पुढच्या वर्षीची चित्रं त्यामुळे निराळीच निघाली. एकाने समुद्रकासवाचं घरटं काढलं: वाळू, अंडी आणि वाळूत खुपसलेला थर्मामीटर. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण २९ अंशांच्या आसपास दोन्ही होतात, वाळू त्याहून तापली की माद्या वाढत जातात. त्याने अंड्यांना रिबिनी बांधल्या होत्या. शिक्षकांच्या खोलीत ते चित्र बरेच दिवस टांगलेलं होतं.

मी प्रवाळ घेतलं. १९९८ साली जगभरच्या उष्ण समुद्रांत प्रवाळं पांढरी पडल्याचं कात्रण विज्ञानाच्या बाईंनी फलकावर लावलं होतं. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, प्राणी, हे मला तिथे कळलं. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल भाडेकरूसारखं राहतं आणि भाडं चोख देतं: उन्हावर अन्न तयार करून त्यातलं बरंचसं मालकाला. रंगही मोठ्या प्रमाणात त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ या भाडेकरूला बाहेर काढतं. मग उरते पारदर्शक कातडी आणि तिच्याखालून दिसणारा चुन्याचा सांगाडा. मात्र ते लगेच मेलेलं नसतं. पाणी वेळेवर निवलं तर शैवाल परत येतं, नाही निवलं तर उपासमार.

मी बाईंचा मंत्र लावला. पाणी गडद केलं, मासे रंगवले, आणि मधोमध प्रवाळाच्या फांद्या कोऱ्या सोडल्या. त्या वर्षी बाहेरून आलेल्या पाहुण्या परीक्षकांनी कागद पुढून पाहिला, मागून पाहिलाच नाही. शेरा आला: ‘चित्र अपूर्ण. वेळेचे नियोजन करावे.’ उत्तेजनार्थसुद्धा नाही. बाई भांडायला गेल्या होत्या असं नंतर ऐकलं. खरंखोटं कधी विचारलं नाही.

शाळा सुटल्यावर माझा आणि चित्रकलेचा संबंध संपला. मी हिशेब तपासते. तरीही यंदा महोत्सवी चित्रकला स्पर्धेला परीक्षक म्हणून मला बोलावलं, कारण त्या शनिवारी मोकळी असलेली माजी विद्यार्थिनी मीच निघाले. चित्रं १४० च्या घरात. तोंडात थर्मामीटर धरलेली पृथ्वी, अर्धी हिरवी अर्धी भेगाळलेली पृथ्वी, दोन तळहातांतली पृथ्वी. एका बर्फाच्या तुकड्यावर अस्वल आणि पेंग्विन शेजारी शेजारी अशी चित्रं मी मोजली: अकरा. पेन्सिल हातात होती, मोह झाला, आवरला नाही.

पाच ओळींचा नियम अजून चालू आहे, हे पाहून मात्र भरून आलं. काहींनी मागे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडाही दिला होता. मी सातवीत होते तेव्हा दहा लाख भागांत तो सुमारे ३६३ भाग होता, आता ४२० च्या पुढे गेलाय. चारशेवीस म्हटलं की आपल्याला आधी लबाडीच आठवते. मुलांनी तो आकडा अगदी सरळ मनाने लिहिला होता.

दोन तासांनी डोळे शिणले आणि आम्ही चित्रं भराभर गठ्ठ्यांत टाकायला लागलो. एक कागद आला. सगळा तपकिरी, पाचोळ्यासारखा, आणि मधे सशाच्या आकाराची कोरी जागा. रंग नाही, डोळा नाही, मिशी नाही. मी तो ‘अपूर्ण’च्या गठ्ठ्यावर ठेवला आणि पुढचा उचलला. पुढचा पुरता पाहूनही झाला. मग कशाने कोण जाणे, हात मागे गेला आणि मी तो तपकिरी कागद उलटा केला.

‘प्राणी: स्नोशू ससा. उत्तर अमेरिका. गवत, डहाळ्या, साली खातो. दिवस लहान झाले की तो पांढरा होतो, तो बर्फाची वाट बघत नाही. या वर्षी बर्फ उशिरा आहे. तो लपलाय असं त्याला वाटतंय.’ पाचव्या ओळीची जागा या शेवटच्या वाक्याने खाल्ली होती, त्यामुळे नियमाप्रमाणे एक गुण कापावा लागला. दुसरं बक्षीस मिळालं. पहिल्यासाठी मी भांडले, पण बाकीच्या दोघांना वाघ आवडला होता.

बक्षीस समारंभानंतर मी त्या मुलीला गाठलं. सहावीतली, अंगठ्याच्या नखात अजून तपकिरी रंग.

“सशाला रंग कोणता दिलास गं?”

“दिलाच नाही. कागदच आहे तो.”

“पेटीत पांढरा होता ना?”

“होता. पण तपकिरी संपला अर्ध्यात, मग पांढरा देऊन शेजारच्याचा तपकिरी घेतला.”

“आणि त्याने दिला? पांढऱ्याच्या बदल्यात?”

“त्याला अस्वल काढायचं होतं,” ती म्हणाली.