हिशेबाची वही मुलांसमोर उघडताना

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात माझ्या यजमानांच्या कारखान्यातील एक पाळी बंद झाली आणि त्यांचा पगार जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाला. मुलगी तेव्हा नववीत होती, मुलगा सहावीत. मुलांना काही कळू द्यायचे नाही असे आम्ही दोघांनी ठरवले आणि ती झोपल्यावर स्वयंपाकघरात बसून हलक्या आवाजात आकडेमोड करू लागलो. महिनाभराने मुलीच्या वर्गशिक्षिका भेटल्या, तेव्हा समजले की शाळेच्या सहलीला तिने आम्हाला न विचारताच नकार कळवला होता. घरी विचारल्यावर ती म्हणाली, "मला जायचेच नव्हते." ती खोटे बोलत होती, आणि ते तिने आमच्याकडूनच शिकलेले होते. आमची कुजबुज तिच्यापर्यंत पोहोचली होती; मात्र आकडे न पोहोचल्यामुळे आता घर सोडावे लागणार इथपर्यंत तिची कल्पना धावली होती.

त्या रविवारी आम्ही हिशेबाची वही चौघांच्या मध्ये उघडली. सासूबाईंना ते मुळीच आवडले नाही. "मुलांच्या कानावर पैशाचे रडगाणे घालू नये," असे त्या म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे मी मनात ठेवले, कारण त्यात तथ्य होते. म्हणून आरंभी आम्ही दोन गोष्टी सांगितल्या : घरभाडे आणि दोघांच्या शाळेचे शुल्क बाजूला काढून ठेवलेले आहे, आणि त्याची काळजी वाहणे हे आईवडिलांचे काम आहे. त्यानंतर किराणा, दूध, वीज, औषधे आणि सणवार यांचे आकडे दाखवले. पैशाची चणचण असलेल्या घरात मुलाला जबाबदारी द्यायची असेल, तर त्याला घराची खरी स्थिती ठाऊक असली पाहिजे आणि त्या स्थितीतला आपला वाटा कुठे संपतो हेही ठाऊक असले पाहिजे, असे माझे ठाम मत त्या दिवशी बनले.

मुलाकडे विजेचा मीटर सोपवला. बडोद्यात आमचे वीजबिल दोन महिन्यांनी येते, त्यामुळे उधळपट्टी लक्षात येईपर्यंत साठ दिवस उलटून गेलेले असतात. दर रविवारी सकाळी तो मीटरचा आकडा वहीत लिहू लागला. दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट जळते, हे गणित वडिलांनी त्याला एकदा करून दाखवले; पुढे आंघोळींचा क्रम त्यानेच लावला, जेणेकरून एकदा तापलेल्या पाण्यात सर्वांचे भागावे. मला एकदाही ओरडावे लागले नाही, कारण काम नीट झाले की नाही हे मीटरच सांगत होता.

मुलीचा वाटा दिवाळीच्या फराळातून आला. गुजरातमधील शाळांना दिवाळीत एकवीस दिवसांची सुटी असते आणि आमच्या दांडिया बाजार, रावपुरा भागातील मराठी घरांतून चकली, अनारसे, चिरोटे यांना चांगली मागणी असते. पहिल्या वर्षी मी डाळी, तांदूळ आणि तेल यांचा खर्च धरून चकलीचा भाव ठरवला होता. मुलीने कागद पुढे ओढला आणि दळणावळ, गॅस, पिशव्या, हाथीखान्याच्या धान्यबाजारातून माल आणण्याचे रिक्षाभाडे असे एकेक कलम त्यात मिळवले. किलोमागे उरत होते जेमतेम चाळीस रुपये! भाजणीतली प्रत्येक डाळ वेगळी, मंद आचेवर भाजण्यात जाणारे माझे तास तर त्यात धरलेलेच नव्हते. तिने नवा भाव मांडला. तो सांगताना मला संकोच वाटत होता, पण तिला वाटत नव्हता, आणि मागणीही फारशी घटली नाही.

येथे कायद्याविषयी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत, धोकादायक नसलेल्या घरच्या व्यवसायात त्याने मदत करण्यास मुभा आहे. ही मुभा आईने फार सांभाळून वापरली पाहिजे. मुलगा वजन करी, पिशव्या भरी, नावे लिही. तळणाच्या कढईजवळ त्याला उभे राहू दिले नाही आणि संध्याकाळी सातनंतर काम दिले नाही.

दुसऱ्या वर्षी त्याच्या हातून पिशव्यांची अदलाबदल झाली. रावपुऱ्यातल्या एका घरी आजोबांसाठी मुद्दाम कमी तिखटाची चकली सांगितली होती, तिथे नेहमीची तिखट गेली. फोन आला तेव्हा मी पदर खोचून स्वतः निघाले होते, पण यजमानांनी मला थांबवले. मुलगा नवी पिशवी घेऊन सायकलवर गेला, आजोबांची क्षमा मागून परत आला आणि वाया गेलेल्या पिशवीची किंमत त्याने वहीत आपल्या नावापुढे लिहिली. तो परतेपर्यंतची पाऊण घटका मला फार जड गेली. दुसऱ्या दिवसापासून तो पिशवी भरण्याआधी तिच्यावर नाव लिहू लागला.

घरकामाचे पैसे द्यावेत का, यावर आमच्या घरी बरीच चर्चा झाली. भांडी, अंथरुणे, मीटर यांचे पैसे देत नाही, कारण ते घर आपले सर्वांचे आहे. फराळातून मिळालेल्या नफ्याचा ठरलेला वाटा मात्र दोघांना मिळतो आणि तो त्यांच्या टपाल कार्यालयातील बचत खात्यात जातो. दहा वर्षांवरील मुलाला हे खाते स्वतःच्या नावाने, पाचशे रुपये भरून उघडता येते. पैसे भरण्याची पावती स्वतः लिहिताना मुलीच्या चेहऱ्यावर जे गांभीर्य होते ते मी विसरणार नाही. पहिल्याच वर्षी तिने सगळी रक्कम घरखर्चाला देऊ केली. पुष्कळ विचार करून आम्ही त्यातून एका महिन्याचे दुधाचे पैसे घेतले. काहीच घेतले नसते, तर तिच्या श्रमाला आम्ही खेळ समजतो असे तिला वाटले असते. सगळे घेतले असते, तर तिचे लहानपण घेतल्यासारखे झाले असते.

सर्वांत कठीण प्रसंग लाजेचा होता. फराळ पोहोचवायला गेली असताना एका घराचे दार तिच्याच वर्गातल्या मुलीने उघडले. घरी येऊन ती जेवली नाही. त्या रात्री सासूबाई तिच्याजवळ बसल्या. त्यांचे वडील इथल्या कलाभवनात विणकाम शिकलेले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ती संस्था काढली, ती हातांना विद्या मिळावी म्हणून. दादासाहेब फाळकेही तिथे शिकले. महाराज स्वतः कवळाण्याच्या शेतकरी घरातून १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी या गादीवर दत्तक आले होते. हे सगळे आजींनी नातीला सांगितले आणि मग आपल्या वडिलांच्या बोटांना पडलेल्या घट्ट्यांविषयी खूप वेळ बोलत राहिल्या, जे मीही पूर्वी कधी ऐकले नव्हते. नातीने काही उत्तर दिले नाही. दोन दिवसांनी उरलेल्या पिशव्या घेऊन ती पुन्हा बाहेर पडली.

यंदा ती बारावीला आहे, मार्चमध्ये परीक्षा आहे, म्हणून भाव ठरवण्यापुरतेच काम तिच्याकडे ठेवले आहे. यजमानांचा पगार थोडा वाढला असला तरी पूर्वीइतका झालेला नाही. मुलाला चौदा वर्षे पूर्ण झाली. मागच्या रविवारी मीटरचा आकडा लिहून झाल्यावर त्याने वही मिटली आणि या दिवाळीत मला कढईजवळ उभे राहू द्याल का, असे विचारले. भाजणी भाजण्याचे काम मी त्याला दिले आहे. उकळत्या तेलाबद्दल अजून होकार दिलेला नाही.