डेडस्टॉकमधला सिलिंडर

आमच्या ऑफिसात आग विझवायचे लाल सिलिंडर आहेत हे मला जॉइन झाल्यावर तीन वर्षांनी कळलं, ते पण डेडस्टॉक पडताळणीमुळे, म्हणजे ऑफिसचं टिकाऊ सामान रजिस्टरप्रमाणे मोजून बघतात त्यामुळे. पंखे मोजले, टेबलं मोजली, आणि रजिस्टरात ‘अग्निशमन यंत्र, 2 नग’ आलं तसे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. शेवटी शिपाई मामांनी रेकॉर्ड रूममधलं कपाट सरकवलं तर मागे दोन्ही उभे, अंगावर ऑइलपेंटने ठळक नंबर, आणि गेजचा काटा लालमध्ये, म्हणजे प्रेशर उतरलेलं. नंबर जुळला, टिक झाली, विषय संपला.

मला मात्र 21 जून 2012 आठवला. मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वर चढत गेली, पाच माणसं गेली, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी चहाला बोलत काय होतो तर कुठल्या फायली जळल्या असतील (मी पण त्यातच होते, खोटं कशाला बोलू).

राज्याचा आग प्रतिबंधाचा कायदा 2006 चा आहे, त्यात दर जानेवारी आणि जुलैत लायसन्सवाल्या एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट घ्यायचं असतं. मी टिपणी टाकली, ती ‘तरतूद नाही’ म्हणून परत आली, पुन्हा टाकली. सहा महिन्यांनी रिफिलिंग झालं एकदाचं.

पण खरी गंमत मागच्या दाराची. तिथे मोडक्या खुर्च्यांचा ढीग, टाकता येत नाहीत कारण निर्लेखन (रजिस्टरातून रीतसर नाव कमी करणं) झालेलं नाही, निर्लेखन होत नाही कारण समितीची बैठक नाही, म्हणजे उद्या वायरिंग पेटलं तर आम्ही बाहेर पडायचं ते पण समितीच्या मंजुरीनेच. साहेबांना हे असंच बोलून दाखवलं. हसले, पण त्याच आठवड्यात खुर्च्या अंगणातल्या शेडमध्ये गेल्या, नोंदीसकट.

मग नगरपरिषदेचे फायरवाले येऊन डेमो देऊन गेले. पिन ओढा, नळी ज्वाळेवर नाही, आगीच्या बुडाशी धरा, आणि वायर पेटली असेल तर पाणी अजिबात मारू नका, आधी मेन स्विच बंद. तेव्हा कळलं की मेन स्विच कुठेय हे फक्त मामांना माहितीये आणि मामा मार्चमध्ये रिटायर होणार. आता बोर्डावर लाल खडूने बाण काढलाय.

सिलिंडर आता दाराजवळ हुकाला टांगलेत. परवा बघितलं तर एकावर कुणीतरी डब्याची पिशवी अडकवलेली.