अलगू चौधरी तोंड का उघडत नाही?

आठवी-नववीच्या मुलांना कथेतला संघर्ष शोधा म्हटलं की ती भांडण शोधतात. कोण कोणाशी भांडलं, कोण जिंकलं, झालं. आणि मनातला संघर्ष शोधा म्हटलं तर पेन्सिल थेट 'काय करावं ते त्याला कळेना' असल्या वाक्याखाली जाते. परीक्षेत तेवढ्यावर मार्क मिळतातही, पण चांगला लेखक बरेचदा ते वाक्य लिहीतच नाही, आणि मग मुलं म्हणतात, ताई, या गोष्टीत काहीच नाहीये.

आमच्या शनिवारच्या वाचनवर्गात मी यासाठी प्रेमचंदांची 'पंच परमेश्वर' घेते. १९१६ सालची कथा, हिंदी सोपं आहे, मुलांना जमतं. जुम्मन शेख आणि अलगू चौधरी जिवलग मित्र. जुम्मनच्या म्हाताऱ्या खालाने, म्हणजे मावशीने, आपली मिळकत त्याच्या नावावर करून दिलीय, आणि कागद झाल्यावर घरात तिचे हाल सुरू झालेत. ती पंचायत बोलावते आणि घरोघर जाऊन लोकांना या म्हणून सांगते, त्यात अलगूकडेही जाते.

इथे मी थांबते आणि विचारते, या माणसाला एकाच वेळी कोणत्या दोन गोष्टी हव्यात? दोन्ही त्याच्या स्वतःच्या हव्यात, दुसऱ्याने लादलेल्या नकोत, आणि एक धरली की दुसरी सुटली पाहिजे. मग अजून एक परीक्षा करायला लावते. खालाला गोष्टीतून उठवा आणि लांब कुठेतरी पाठवून द्या. जुम्मनची अडचण संपली का? संपली, उलट तो खूशच होईल. अलगूची संपली का? नाही, कारण ती विचारून गेलीय की संबंध बिघडतील या भीतीने ईमानाची गोष्ट बोलणार नाहीस का, आणि ते शब्द त्याच्या मनात घुमत राहतात असं प्रेमचंद लिहितात. समोरचा माणूस निघून गेला तरी जे उरतं ते मनातलं, एवढं पकडलं की अर्धं काम झालं, बाहेरचं भांडण आणि आतलं भांडण यांची गल्लत मुलं नंतर फारशी करत नाहीत.

मग ते दिसतं कुठे? तर टाळाटाळीत. अलगू काय म्हणतो, यायला येईन, पण पंचायतीत तोंड उघडणार नाही. एक मुलगा म्हणाला, म्हणजे त्याला यायचंही आहे आणि यायचं नाहीयेही. बरोब्बर! पुढे खाला भर पंचायतीत त्यालाच पंच नेमते तेव्हाही तो अंग काढून घ्यायला बघतो, तुला माहितीये जुम्मनशी माझी दोस्ती आहे म्हणून सांगतो. पेन्सिल इथे चालायला हवी, उशीर कुठे लावला, विषय कुठे बदलला, न विचारलेलं कारण कुठे दिलं. या वयाच्या मुलांना हे ओळखता येतं, मित्राचं काहीतरी लपवायचं की घरी खरं सांगायचं यात ती रोजच असतात. फक्त वर्गात सगळ्यांसमोर स्वतःची उदाहरणं द्यायला मी कधीच सांगत नाही, कोणी आपणहून बोललं तर ऐकते. अलगू आहे ना, त्याच्यावर बोलूया, तो एवढं ओझं सहज उचलतो.

खरी चर्चा रंगते ती निकालापाशी. अलगू पंच म्हणून बसतो आणि जुम्मनची उलटतपासणी घेतो, एकेक प्रश्न जुम्मनच्या काळजावर घाव घालतो, आणि निकाल देतो की खालाला महिन्याचा खर्च द्यायचा, मंजूर नसेल तर कागद रद्द. या सगळ्यात अलगूच्या मनात काय चाललंय याची एक ओळ नाही! आपण त्याला बघतो ते हादरलेल्या जुम्मनच्या डोळ्यांनी. काही मुलं म्हणतात, त्याचं ठरलेलं होतं, संघर्ष आधीच संपला, आणि मलाही तसंच वाटतं. पण एक मुलगी म्हणाली, ठरलं होतं तर इतके प्रश्न कशाला, तो स्वतःलाच पटवत होता. हे वाचन मला फार आवडलं.

कथेच्या दुसऱ्या भागात बैलाच्या पैशांचा तंटा अलगूवर येतो आणि पंच असतो जुम्मन. तिथे मात्र प्रेमचंद सरळ सांगतात की त्या जागेवर बसताच त्याच्या मनात जबाबदारीची जाणीव आली. मुलांना हे लगेच सापडतं, काहींना तर फारच पटकन बदलला असं वाटतं आणि त्यात तथ्य आहे. म्हणून वाचून झाल्यावर मी उलटी जाते, आधी सांगितलेला जुम्मन, मग न सांगितलेला अलगू. आणि लिहायला देते, निकालाचा प्रसंग अलगूच्या बाजूने, अट एकच, द्विधा, घालमेल, कळेना हे शब्द वापरायचे नाहीत. एकाने लिहिलं की निकाल सांगताना अलगू जुम्मनच्या जोड्यांकडे बघत होता. याहून जास्त मला काय शिकवायचं होतं!

पुढच्या वेळी 'ईदगाह' घेणार आहे. खिशात तीन पैसे असलेला हामिद जत्रेतल्या खेळण्यांना नावं ठेवतो, मातीचीच तर आहेत, पडली की चक्काचूर, आणि त्याच वाक्यात आशाळभूत नजरेने त्यांच्याकडे बघतही असतो. तेवढं एकच वाक्य फळ्यावर लिहून सुरुवात करायचा विचार आहे, बघू मुलं त्याचं काय करतात.